दूर पल्ल्याची सायकल-शर्यत : देहाची आणि मनाची कसोटी

सायकल ही वस्तु आपल्या इतकी परिचयाची झाली आहे कीं, तिच्याविषयीं भाषण करावें असें तिच्यांत कांहीं असेल, हेंच पुष्कळांस खरें वाटणार नाहीं. आपल्या आजोबांच्या पिढीनें तिला पायगाडी असें साधें नांव दिलें. दूधवाल्यानें तिला किटल्या अडकविल्या, पोस्टमननें पत्रांची पिशवी अडकविली आणि आम्हां शिक्षकांनीं तपासावयाच्या वह्यांचे गठ्ठे बांधले. दोन-चार मैलांच्या कामास जावें आणि रात्रीं भिंतीला टेकून उभें राहावें, एवढाच तिचा संसार अशी आपली समजूत. परंतु याच पायगाडीवर बसून पांचशें, हजार, किंबहुना तीन हजार मैलांचा पल्ला दिवस-रात्र एक करून तोडणारीं माणसें जगांत आहेत, आणि त्यांपैकीं कांहीं आपल्या नाशिकचीं व नागपूरचीं आहेत.

या शर्यतींत शरीराचें काय होतें, मनाचें काय होतें, आणि घरांतील वडील माणसांनीं या छंदास आशीर्वाद द्यावा कीं आडकाठी करावी, या तीन गोष्टींचा विचार आज करावयाचा आहे. तिसरा प्रश्न केवळ कल्पनेंतला नव्हे. हल्लीं शनिवारच्या पहांटे आपल्या गांवांतून तरुण मुलें-मुली डोक्यावर टोप व सायकलीला दिवे लावून निघतात आणि रविवारीं परत येतात. त्यांचे आईबाप मला वाटेंत गांठून विचारतात, “गुरुजी, हें वेड चांगलें कीं वाईट?” अशा प्रश्नास घाईनें उत्तर देणें बरें नव्हे. आधीं तें वेड काय आहे तें पाहूं.

या प्रकारच्या शर्यतींपैकीं अगदीं जुनी व प्रसिद्ध शर्यत फ्रान्समधील. १८९१ सालीं ‘ल पेती झुर्नाल’ या पत्राचे संपादक प्येर जिफार यांनीं पॅरिसहून निघून पश्चिमेच्या टोकाला असलेल्या ब्रेस्त बंदरास जावें व तेथून पुन्हां पॅरिसला यावें, अशी शर्यत योजिली. अंतर सुमारें १,२०० किलोमीटर, म्हणजे साडेसातशें मैल. हवा भरलेले टायर त्या काळीं नुकतेच प्रचारांत आले होते. दोनशेंवर स्वार निघाले. त्यांपैकीं सुमारें निम्मेच परत पोंचले. शार्ल तेरों हा ७१ तास २२ मिनिटांत पहिला आला. त्याचा प्रतिस्पर्धी जिएल-लाव्हाल बराच वेळ पुढें होता. परंतु परतीच्या वाटेवर तो विश्रांति घेत असतां तेरोंनें त्याला मागें टाकलें, आणि नंतर तें अंतर कांहीं भरून निघालें नाहीं. या एका प्रसंगांत सगळ्या खेळाचें मर्म आलें आहे. जो झोंपतो तो वेळ गमावतो. आणि जो झोंपत नाहीं तो काय गमावतो, तें पुढें सांगतों. आज हीच वाट दर चार वर्षांनीं हजारों हौशी स्वार चालतात. आतां तेथें पहिल्या-दुसऱ्याचा प्रश्न नसतो. नव्वद तासांच्या कमाल मुदतींत परत यावें, एवढीच अट असते.

याहून कठोर शर्यत अमेरिकेंत निघाली. १९८२ सालीं लॉन हाल्डमन, जॉन हॉवर्ड, मायकेल शर्मर आणि जॉन मरिनो असे चौघे प्रशांत महासागराच्या कांठच्या सांता मोनिका येथून निघाले, ते न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीपाशीं जाऊन थांबले. अंतर सुमारें तीन हजार मैल. पहिल्या आलेल्या हाल्डमनला ९ दिवस २० तास २ मिनिटें लागलीं. तीच शर्यत पुढें दरसाल होऊं लागली. तीन हजार मैल म्हणजे काय, याची कल्पना यावी म्हणून सांगतों : श्रीनगरहून कन्याकुमारीस जावें आणि तेथून उलट फिरून निदान हजार किलोमीटर यावें. फ्रान्समधील विख्यात ‘तूर द फ्रान्स’ शर्यतींत रोजचा टप्पा संपला कीं स्वार जेवतो, अंग रगडून घेतो व गादीवर झोंपतो. येथें टप्पे नाहींत. घड्याळ एकदां सुरू झालें कीं तें शेवटपर्यंत थांबत नाहीं. स्वार जेवला तरी तें चालतें, झोंपला तरी चालतें. वाटेंत ॲरिझोनाचें तापलेलें वाळवंट आहे. कोलोरॅडोंत १०,८५७ फूट उंचीची वुल्फ क्रीक खिंड आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुप्पट. नंतर कॅन्ससचीं न संपणारीं मैदानें आणि आडवा वारा. आणि अंगांतलें सारें बळ सरल्यावर पूर्वेकडील ॲपलाचियन डोंगरांचे चढउतार. २०१४ सालीं ऑस्ट्रियाच्या क्रिस्तोफ श्ट्रासर यानें हें अंतर ७ दिवस १५ तास ५६ मिनिटांत तोडलें. खाणें, थांबणें व झोंपणें यांचा वेळ धरूनहि ताशीं सोळा मैलांहून अधिक गति पडली.

आतां शरीराकडे वळूं. येथें थोडें गणित करणें अवश्य आहे; त्याबद्दल जुन्या शिक्षकाला क्षमा असावी. साधारण माणसास दिवसाला दोन ते अडीच हजार उष्मांकांचें अन्न पुरतें. या शर्यतींतील स्वार दिवसाला आठ-दहा हजार उष्मांक जाळतो. म्हणजे चौघांचें अन्न एकट्यास हवें. आपल्या स्नायूंत व यकृतांत साखरेचा जो सांठा असतो, तो साधारण दोन हजार उष्मांकांचा. तो कांहीं तासांतच संपतो. मग खात राहावें म्हटलें, तर आंतड्यांची शक्ति मर्यादित. तासाला साठ ते नव्वद ग्रॅम साखर तीं शोषूं शकतात. मध्यम धरून पंचाहत्तर ग्रॅम घेतले, तर एका ग्रॅमचे चार या हिशेबानें तासाला तीनशें उष्मांक झाले. बावीस तास अखंड असें खात गेलें, तरी सहा हजार सहाशें. खर्च दहा हजारांचा आणि जमा साडेसहा हजारांची ! उरलेली तूट अंगच्या चरबींतून भरावी लागते, आणि चरबी म्हणजे मंद जळणारें ओलें लांकूड. तिचा जाळ मोठा होत नाहीं. म्हणून स्वाराचा वेग दिवसेंदिवस उतरत जातो.

पाण्याचेंहि तसेंच. तहान लागली म्हणून नुसतें पाणी पीत गेलें, तर घामावाटें गेलेलें मीठ भरून येत नाहीं, रक्तांतील मिठाचें प्रमाण घटतें, मेंदूला सूज येते, आणि माणूस पाण्यानेंच मरणाच्या दारीं जातो. यास्तव पाण्याबरोबर मीठहि मोजून घ्यावें लागतें.

पाय दुखणार हें कोणीहि सांगेल. परंतु अनुभवी स्वार पायांची तक्रार फारशी करीत नाहींत. तक्रार असते ती न हलणाऱ्या अवयवांची. तळहात दांड्यावर दिवसचे दिवस टेकल्यामुळें तेथील मज्जातंतु दबतो, बोटें बधिर होतात, आणि शर्यत संपल्यावर कित्येक आठवडे सदऱ्याची गुंडी लावतां येत नाहीं. बैठकीची जागा सोलवटून निघते. सर्वांत विलक्षण दुखणें मानेचें. पुढें वांकून वर पाहत राहिल्यामुळें मानेचे स्नायु एकाएकीं हार खातात, आणि डोकें छातीवर पडतें तें उचलत नाहीं. १९८३ सालीं मायकेल शर्मरची अशी अवस्था झाली. तेव्हांपासून या दुखण्याला त्याचेंच नांव पडलें आहे. पाय चालत आहेत, छाती चालत आहे, आणि पुढला रस्ता मात्र दिसत नाहीं, यासारखें दैव नाहीं. अशा वेळीं पट्टे व आधार बांधून डोकें वर धरून चाललेले स्वार पाहिलेल्यांनीं त्याचीं वर्णनें केलीं आहेत.

परंतु थकवा म्हणजे केवळ स्नायूंचाच थकवा काय? पॅरिस-ब्रेस्त शर्यत निघाली त्याच १८९१ सालीं इटलींतील तुरीनचे शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांचा थकव्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनीं एक यंत्र केलें होतें. त्यांत हाताचें एक बोट दोरीनें वजन वर ओढी, आणि प्रत्येक वेळीं तें किती उचललें, याची रेघ कागदावर उमटे. त्यांनीं आपल्या एका सहकाऱ्याचें बोट विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेण्यापूर्वीं व घेतल्यानंतर तपासलें. दिवसभर हा गृहस्थ खुर्चीवर बसून प्रश्न विचारीत होता. तथापि सायंकाळीं त्याच्या बोटाची शक्ति उतरलेली आढळली. परीक्षकाचें काम केलेल्या कोणाहि शिक्षकास यांत नवल वाटणार नाहीं ! २००९ सालीं सॅम्युएल मार्कोरा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हाच प्रश्न सायकलीवर पाहिला. दीड तास डोक्याला शीण देणारें काम करून जे स्वार सायकल मारूं लागले, त्यांनीं एरवींपेक्षां लवकर हार मानली. आणि तरीहि त्यांचें हृदय व स्नायु अधिक थकले होते असें दिसलें नाहीं. काम तेंच, पण तें त्यांना अधिक जड वाटलें. दक्षिण आफ्रिकेंतील टिम नोक्स यांचें म्हणणें असें कीं, शरीराची खरी नासाडी होण्यापूर्वींच मेंदु लगाम खेंचतो, आणि त्या लगामालाच आपण थकवा म्हणतों. हा सिद्धान्त सर्व शास्त्रज्ञांस मान्य नाहीं. तथापि एवढें खरें कीं, “आतां पाऊल उचलत नाहीं” असें मन म्हणतें, तेव्हां पायांत पुष्कळदां कांहीं शिल्लक असतें. दूर पल्ल्याचा स्वार त्या शिल्लकेवर चालतो. पुढल्या गांवापर्यंत, पुढल्या खांबापर्यंत, पुढल्या वळणापर्यंत, असें मनाला समजावीत तो मैलामागून मैल काढतो.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, मग मनाचा निग्रह असला कीं सर्व साधलें. श्रोतेहो, येथेंच सावध राहिलें पाहिजे. थकव्याची समजूत घालतां येते. झोंपेची घालतां येत नाहीं. जागरण वाढत गेलें म्हणजे मेंदु परवानगी न मागतां क्षणभर मिटतो. डोळे उघडे असतात, पण त्या दोन-चार सेकंदांत माणूस तेथें नसतो. उतारावर ताशीं तीस मैलांच्या वेगांत हे चार सेकंद म्हणजे पावणेदोनशें फूट झाले. यांतहि पहांटे तीन ते पांच हा काळ सर्वांत घातक. कारण त्या वेळीं अंगाची उष्णता सर्वांत कमी झालेली असते आणि शरीर हटकून निद्रेकडे ओढतें. ज्या पहांटेची आपण अभ्यासासाठीं थोरवी गातों, ती रात्रीं वेळेवर झोंपलेल्याची पहांट. जागलेल्याची पहांट ती नव्हे.

याहि पुढें गेलें म्हणजे डोळ्यांपुढें नाहीं तें दिसूं लागतें. १९८३ सालच्या शर्यतींत ८३ तास न झोंपतां सुमारें साडेबाराशें मैल आलेल्या शर्मरला नेब्रास्का प्रांतांत त्याच्या सोबत्यांनीं जबरीनें थांबविलें. त्याची अशी खात्री झाली कीं, हे आपले मित्र नव्हेत. मित्रांचीं रूपें घेऊन आलेले हे परग्रहावरील जीव आहेत. लहानपणीं त्यानें दूरचित्रवाणीवर एक मालिका पाहिली होती. तींत अशा जीवांची करंगळी ताठ असे. म्हणून तो आपल्या मित्रांच्या करंगळ्या निरखून पाहूं लागला ! दीड तास झोंप मिळाली आणि ते सर्व पुन्हां मित्र झाले. स्लोव्हेनियाचा युरे रोबिच हा सैनिक होता. त्यानें ही शर्यत पांच वेळां जिंकली. त्याला वाटेंत पाठलाग करणारे शत्रु दिसत, आणि एकदां तर रस्त्याकडेच्या टपालपेट्यांशीं लढावयास तो सायकलीवरून उतरला होता. ‘मनीं वसे तें स्वप्नीं दिसे’ असें आपण म्हणतों. येथें तें जागेपणींच दिसतें. दोघांचींहि मनें दुर्बळ नव्हतीं. दोघांचाहि निग्रह लोखंडासारखा होता. उलट, निग्रह लोखंडासारखा होता म्हणूनच ते त्या अवस्थेपर्यंत जाऊन पोंचले. म्हणजे जो झोंपत नाहीं तो काय गमावतो, याचें उत्तर हें : ज्या मनाच्या बळावर तो निघाला, तें मनच तो गमावतो.

यावर या खेळांतील शहाण्या लोकांनीं जो उपाय काढला, तो मला फार विचारणीय वाटतो. रोबिचच्या शर्यतींत पहिले एक-दोन दिवस गेले कीं सर्व निर्णय त्याच्या सोबत्यांच्या हातीं जात. कधीं खावयाचें, कधीं निजावयाचें, किती वेळ निजावयाचें, हें ते ठरवीत. तो फक्त पायटे मारी. आपली बुद्धि पुढें आपणांस दगा देणार हें आधींच ओळखून ती विश्वासू माणसांकडे ठेव म्हणून ठेवावयाची, ही कांहीं लहान शहाणपणाची गोष्ट नव्हे. हट्टी माणूस ऐनवेळीं कोणाचें ऐकत नाहीं. निग्रही माणूस, आपण कोणाचें ऐकावयाचें, हें वेळेपूर्वींच ठरवून ठेवतो. हट्ट आणि निग्रह यांतील भेद मला येथें जितका स्पष्ट दिसला, तितका वर्गांतील तीस-पस्तीस वर्षांत क्वचितच दिसला असेल.

आपल्याकडील स्वारांकडे पाहिलें असतां हेंच दिसतें. १९२३ सालच्या ऑक्टोबरांत मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ सालीं ती पुरी करून परतले. ती शर्यत नव्हती. पण चिकाटीचा तो पाया होय. २०१५ सालीं नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं जोडीनें अमेरिकेची शर्यत पुरी केली. २०१७ सालीं सैन्यांतील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ हे ती एकट्यानें पुरी करणारे पहिले भारतीय ठरले. आदल्या वर्षीं त्यांचा प्रयत्न अपुरा राहिला होता. त्यांच्या मागोमाग, त्याच शर्यतींत, नागपूरचे डॉ. अमित समर्थ हेहि पोंचले. दोघांनाहि अकरा दिवसांवर, परंतु मुदतीच्या बारा दिवसांहून कमी वेळ लागला. हे चौघेहि डॉक्टर आहेत, हा केवळ योगायोग असेल. पण देहाचें यंत्र ज्यांना ठाऊक आहे, त्यांनींच तें एवढें ताणण्याचें धाडस केलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. आणि हें काम पुरुषांचेंच, असेंहि कोणी समजूं नये. २०१९ सालीं बल्गेरियांतील बुर्गासहून फ्रान्समधील ब्रेस्तपर्यंतची सुमारें चार हजार किलोमीटरांची शर्यत फियोना कोल्बिंगर या चोवीस वर्षांच्या जर्मन तरुणीनें सर्व पुरुषांस मागें टाकून जिंकली. त्या शर्यतींत सोबतीस मोटार नसते. अन्न, मुक्काम, वाट सारें स्वतःच पाहावें लागतें.

दुसरी बाजू लपविणें योग्य नव्हे. रोबिच २०१० सालीं सरावास निघाला असतां मोटारीशीं टक्कर होऊन वारला. कोल्बिंगरनें जिंकलेली ती शर्यत सुरू करणारा इंग्लंडचा माइक हॉल २०१७ सालीं ऑस्ट्रेलियांतील एका शर्यतींत मोटारीच्या धडकेनें मरण पावला. यांत त्यांचा दोष होता असें मुळींच नव्हे. परंतु रस्ता हा सर्वांचा आहे, आणि त्यावर अंधारांत दिवसेंदिवस राहणारा सायकलस्वार इतर सर्वांहून उघडा आहे, हें विसरतां येत नाहीं.

आतां आईबापांच्या प्रश्नाकडे येतों. आपल्या गांवचीं मुलें जातात, त्या बहुधा तीन हजार मैलांच्या शर्यती नसतात. फ्रान्सच्या पद्धतीप्रमाणें ठरविलेल्या मुदतीच्या फेऱ्या असतात : दोनशें किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशें वीस तासांत, चारशें सत्तावीस तासांत, सहाशें चाळीस तासांत. या मुदतींत झोंपेला जागा आहे. सहाशेंच्या फेरींत नीट चालणारा स्वार तीन-चार तास निजूं शकतो. जो निजत नाहीं, तो बहुधा मुदतीमुळें नव्हे, तर इतरांपुढें मिरवावें म्हणून निजत नाहीं. ‘अति तेथें माती’ ही म्हण त्याच्यासाठीं आहे.

माझें मत असें आहे कीं, मुलांना अडवूं नये. आपल्या अंगांत किती बळ आहे हें एकदां तरी ज्यानें पाहिलें, तो पुढें संसारांतल्या अडचणींनीं लवकर खचत नाहीं. भूक नसतां वेळेवर घास गिळणें, पावसांत चाक पंक्चर झालें असतां न चिडतां तें काढून बसविणें, आणि रात्रीं दोन वाजतां एकट्यानें घाट चढणें, हें शिक्षण कोणत्याहि पुस्तकांत नाहीं. परंतु ज्याला पोंचतां येतें त्याचें जसें कौतुक करावें, तसेंच चाळीस मैल उरले असतां “आतां डोळे मिटतात, मी थांबतों” असें म्हणून जो घरीं येतो, त्याचेंहि करावें. आपण त्याला “मग पुरें केलें नाहींस तर !” असें टोमणून विचारलें, तर पुढल्या वेळीं तो थांबणार नाहीं, आणि त्या न थांबण्याची जबाबदारी कांहीं अंशीं आपल्यावरहि येईल.

म्हणून पुढल्या शनिवारीं मुलगा किंवा मुलगी उंबऱ्याशीं सायकल घेऊन उभी राहिली, तर “जाऊं नको” असें न म्हणतां तीन गोष्टी विचारा. तासातासाला काय खाणार आहेस? कोठें आणि किती वेळ झोंपणार आहेस? आणि “आतां पुरे” असें म्हणण्याचा अधिकार तूं बरोबरच्यांपैकीं कोणाला दिला आहेस? तिन्हींचीं उत्तरें सरळ आलीं, तर दिवे लागतात ना एवढें पाहा, आणि खुशाल जाऊं द्या. मात्र रविवारीं परत आल्यावर त्याच्या हातीं मोटारीची किल्ली देऊं नका. आधीं त्याला पोटभर झोंपूं द्या.